रेनेसाँ काळातल्या सजावटी नकाशाची हातानं रंगवलेली प्रतिकृती: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

सोळाव्या शतकातले युरोपीय नकाशे पाहिले की ज्यांचे हात शिवशिवतात, त्यांच्यासाठी हा लेख लिहिते आहे. समुद्रात शिडाची जहाजं आणि जलपऱ्या, कोपऱ्यात नक्षीदार चौकटीत बसवलेलं लॅटिन शीर्षक आणि कुठेतरी मधे आपला पश्चिम किनारा. असा नकाशा छापून घेऊन भिंतीवर लावता येतोच. पण हातानं प्रतिकृती करायला बसलं की तो इंचाइंचानं वाचावा लागतो, आणि खरा आनंद त्यातच आहे. चित्रकलेची पदवी लागत नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटपुरता तयार हात आणि चिकाटी असली की पुरे.

कामाला लागण्याआधी हे नकाशे कसे तयार होत ते समजून घ्या, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर ठरतो. आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पला २० मे १५७० रोजी नकाशाकार अब्राहम ऑर्टेलियसचं ‘थियेट्रम ऑर्बिस टेरारम’ प्रसिद्ध झालं. ५३ नकाशापत्रांचा हा संग्रह पहिला आधुनिक अ‍ॅटलास मानला जातो. त्यातले नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले होते आणि छापून निघत ते फक्त काळ्या रेषांत. रंग नंतर, प्रत्येक प्रतीवर वेगळा, हातानं भरला जाई. हा स्वतंत्र धंदाच होता. खुद्द ऑर्टेलियसनं सुरुवात नकाशे रंगवणारा म्हणून केली. १५४७ मध्ये अँटवर्पच्या सेंट ल्यूक गिल्डमध्ये, म्हणजे चित्रकार-कारागिरांच्या संघात, त्याची नोंद त्याच कामासाठी झाली, आणि त्याच्या बहिणीही नकाशे रंगवत. प्लाँतँ या मोठ्या मुद्रकासाठी मिन्कन लीफ्रिंक नावाची बाई हे काम करायची.

म्हणजे एकाच पत्र्यावरून निघालेल्या दोन नकाशांचे रंग सारखे असतीलच असं नाही. ‘या नकाशाचे मूळ रंग कोणते?’ हा प्रश्न नवीन माणूस हमखास विचारतो, आणि त्याला एकच एक उत्तर नसतं. प्रतिकृती करायची ती एका ठरावीक प्रतीची. ती प्रत आधी निवडा आणि शेवटपर्यंत तिलाच धरून राहा. निम्मे रंग एका संग्रहालयातल्या प्रतीचे आणि निम्मे दुसरीकडचे घेतले, की नकाशा कुठल्याच काळाचा राहत नाही.

१. नकाशा निवडा

ढोबळमानानं तीन प्रकार समोर येतील.

पहिला, वर सांगितलेला: छापील आणि नंतर रंगवलेला. दुसरा, पूर्णपणे हातानं काढलेला, चामड्यावरचा सागरी नकाशा, म्हणजे पोर्टोलान. मोदेना शहरात असलेला १५०२ चा कांतिनो नकाशा किंवा पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातला १५१९ चा मिलर अ‍ॅटलास हे या जातीचे. तिसरा भिंतीवरचा: व्हॅटिकनच्या नकाशा-दालनातली इग्नात्सिओ दांतीच्या देखरेखीखाली १५८० ते १५८३ या काळात झालेली भित्तिचित्रं. तिसऱ्याच्या वाटेला सध्या जाऊ नका. ओल्या गिलाव्यावर रंगवण्याची ती पूर्ण वेगळी विद्या आहे.

पहिल्या कामासाठी छापील नकाशाच घ्या. रेषा ठरलेल्या असतात, रंग मोजके असतात, आणि चूक झाली तर ती एका प्रांतापुरती राहते. माझी शिफारस ऑर्टेलियसच्या ‘इंडिए ओरिएंटालिस’ या नकाशाची. साधारण ३५ बाय ५० सेंटिमीटरचा आहे, त्यामुळे मूळ आकारातच करता येतो. भारतापासून आग्नेय आशियातल्या बेटांपर्यंतचा पसारा आहे, आणि जलपऱ्या, जहाज, समुद्री राक्षस असं हौसेचं सगळं एकाच पानावर मिळतं.

राक्षसांसाठीच करायचं असेल, तर ऑर्टेलियसचाच आइसलँडचा नकाशा पाहा. त्यावर १५८५ साल आहे, अ‍ॅटलासमध्ये तो १५९० ला आला. समुद्रात प्रत्येक प्राण्याशेजारी एक अक्षर आहे आणि मागच्या मजकुरात त्या अक्षराखाली त्या प्राण्याची माहिती.

गोव्याशी नातं असणाऱ्यांना लिन्सखोटेनच्या नकाशांचा मोह होणार. हा डच माणूस १५८३ मध्ये गोव्याला आला, तिथल्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून राहिला, आणि त्याचा प्रवासग्रंथ १५९६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्यातला जुन्या गोव्याचा नकाशा म्हणजे उंचावरून पाहिलेलं अख्खं शहर आहे: चर्चं, रस्ते, बाजार, घराघरांमागच्या बागा. त्याच ग्रंथातल्या अरबी समुद्राच्या नकाशात चौल आणि दाभोळ सापडतात. दोन्ही नकाशे अप्रतिम आहेत. पण गोव्याच्या नकाशात घरांची इतकी दाटी आहे, की पहिल्याच खेपेला घेतलात तर अर्ध्यावर सोडाल. दुसऱ्या किंवा तिसऱ्या कामासाठी ठेवा.

२. स्कॅन मिळवा आणि तो वाचायला शिका

अमेरिकेचं लायब्ररी ऑफ काँग्रेस, डेव्हिड रम्सी नकाशा संग्रह, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका, अ‍ॅमस्टरडॅमचं रेक्सम्युझियम: या ठिकाणांहून मोठ्या आकारातले स्कॅन फुकट उतरवता येतात. मूळ आकारात छापल्यावर इंचाला किमान ३०० ठिपके मिळतील एवढी फाइल हवी. गूगलवर सापडलेली, पोस्टर विकणाऱ्यांची चित्रं वापरू नका. त्यांचे रंग भडक केलेले असतात आणि कडा कापलेल्या.

वापराच्या अटी तेव्हाच वाचून ठेवा. चारशे वर्षांपूर्वीच्या नकाशावर कुणाचा कॉपीराइट नाही, पण स्कॅन पुरवणारी संस्था अटी घालू शकते. उदाहरणार्थ, रम्सी संग्रहातल्या प्रतिमा विनाव्यावसायिक परवान्याखाली आहेत. पुढेमागे विकायचा विचार असेल, तर ज्या संस्थेनं प्रतिमा पूर्ण खुली केली आहे तिथूनच घ्या.

आता स्कॅन वाचणं. इथे सर्वांत मोठा सापळा आहे. जुन्या रंगाऱ्यांचा हिरवा म्हणजे बहुधा जंगाल, तांब्यापासून केलेला. हा रंग वर्षानुवर्षं कागद खात राहतो. हिरवा होता तिथे आज तपकिरी पट्टा दिसतो, कधी कागद तडकून तुटलेला असतो आणि पानामागेही डाग उमटलेला असतो. नवीन माणूस तो तपकिरी इमानेइतबारे उतरवतो. तसंच शिशाच्या रंगांचं: पांढरा आणि शेंदरी कालांतरानं काळवंडतात, म्हणून एखाद्या आकृतीचा चेहरा राखेसारखा दिसतो. तो रंगाऱ्यानं तसा रंगवलेला नसतो.

मग काय उतरवायचं, आजचं रूप की तेव्हाचं? माझं मत स्पष्ट आहे: तेव्हाचं. रंग भरणाऱ्याच्या हातून पान बाहेर पडलं तेव्हा ते ताजं, उजळ होतं. शंका आली की पानाच्या मागच्या बाजूचा स्कॅन उघडा. पुढच्या तपकिरी पट्ट्याच्या बरोबर मागे गडद डाग दिसला, तर तिथे जंगाल होता असं धरून चालायला हरकत नाही.

एक कोरा कागद घ्या आणि निवडलेल्या प्रतीची रंगयादी बनवा: सीमा कोणत्या रंगांच्या, डोंगर, झाडी, शहरं, किनाऱ्याची पट्टी, शीर्षकाची चौकट. सहसा सहा-सात रंगांच्या वर यादी जात नाही.

३. साहित्य जमवा

- कागद: शंभर टक्के कापसाचा, आम्लमुक्त, गुळगुळीत पृष्ठभागाचा. दुकानात ‘हॉट प्रेस’ म्हणून मागा. ५६ बाय ७६ सेंटिमीटरचा पूर्ण ताव घ्या, म्हणजे चारी बाजूंनी समास राहतो.
- जलरंग: ‘आर्टिस्ट’ दर्जाचे. पोस्टर कलर अजिबात नको.
- शाई: रंगद्रव्याची, पाण्यानं न पसरणारी, काळी.
- बारीक टोकाचे टाक, ०.०५ आणि ०.१ मिलिमीटरचे ड्रॉइंग पेन.
- गोल ब्रश: ०, २ आणि ४ नंबरचे, टोक नीट जुळणारे. एक रुंद, मऊ ब्रश निव्वळ पाण्यासाठी.
- लाइट टेबल. नसेल तर जाड काच आणि खाली एलईडी पॅनेल.
- ट्रेसिंग पेपर, मळायचं खोडरबर, पाण्यावर चिकटणारी कागदी पट्टी, लाकडी बोर्ड, भिंग.

ब्रश घेताना एक खबरदारी. मुंगसाच्या केसांचे ब्रश अजूनही गुपचूप विकले जातात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली मुंगसाच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे, आणि या ब्रशांसाठी जनावरं मारली जातात. ‘खास बारीक कामाचा, नैसर्गिक केसांचा’ एवढंच सांगून कुणी ब्रश पुढे केला, तर कशाचे केस ते विचारा. चांगले कृत्रिम केसांचे ब्रश या कामाला पुरेसे आहेत.

रंगांबद्दल थोडं सविस्तर. हिंगूळ, शेंदूर, हरताळ, जंगाल असे जुने रंग स्वतः घोटून वापरायची हौस अनेकांना येते. हिंगुळात पारा आहे, शेंदरात शिसं, हरताळात आर्सेनिक. घरच्या टेबलावर, लहान मुलं असलेल्या घरात तर मुळीच, हे करू नका. आजच्या ट्यूबवर छापलेला रंगद्रव्याचा क्रमांक पाहून पर्याय निवडा. जंगालासाठी पीजी ७ पातळ करून त्यात किंचित पिवळा. हिंगुळासाठी पीआर २५५. जुन्या पारदर्शक पिवळ्यासाठी पीवाय १५०. किरमिजीसाठी पीव्ही १९. निळीसाठी पीबी ६०. मातकट छटांसाठी अंबर आणि सिएना. किरमिजी म्हणून अ‍ॅलिझरिन क्रिमसन, म्हणजे पीआर ८३, घेऊ नका. उजेडात तो उडतो आणि दोन-चार वर्षांत गुलाबी प्रांत कोरा दिसायला लागतो.

४. कागद तयार करा

आयात केलेला चांगला जलरंगाचा कागद घेतला तर त्याला शाई फुटू नये म्हणून आधीच सरस लावलेला असतो, थेट खाली सांगितलेल्या ताव ताणण्याकडे जा. आपल्याकडचा हातकागद वापरायचा असेल तर थोडी मेहनत आहे. पुण्याची हातकागद संस्था आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा ही दोन नावं मराठी माणसाला माहीत असतातच. हा कागद दिसायला सुंदर असतो, आणि जुन्या युरोपीय नकाशांचा कागदही शेवटी चिंध्यांपासून हातानंच केलेला होता. पण विकत घेतलेला हातकागद किती शोषतो ते तावागणिक बदलतं. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मिनिटभर फुगून राहिला तर ठीक. लगेच जिरला तर त्यावर रेष फुटणार.

असा कागद असेल तर जिलेटिन लावा. एक लिटर पाण्याला २० ते ३० ग्रॅम साधं जिलेटिन, आधी थंड पाण्यात भिजवायचं, मग कोमट करून विरघळवायचं. उकळू द्यायचं नाही, उकळलं की त्याची पकड जाते. रुंद ब्रशनं दोन्ही बाजूंना लावा आणि दोरीवर वाळत घाला. तुरटी घालायचा सल्ला जुन्या कृतींत मिळतो. मी घालत नाही, तुरटीनं कागद आम्लधर्मी होतो. जिलेटिन नको असेल तर मिथाइल सेल्युलोज चालतं.

नंतर ताव ओला करून कागदी पट्टीनं बोर्डावर ताणून बसवा. हे रेषा उतरवायच्या *आधी* करा. ओला कागद फुगतो, आणि रेषा आधी काढल्या असतील तर चौकटीची मापं चुकतात. लाइट टेबल वापरणार असाल तर ताणलेला ताव बोर्डावरून कापून काढावा लागेल. त्यामुळे तेव्हा १८० ते २०० ग्रॅमचा कागद घ्या आणि रंगाचे हात पातळ, लहान जागेतच द्या. ३०० ग्रॅमच्या कागदातून बारीक रेषा दिसत नाहीत.

५. रेषा उतरवा

इथे दोन रस्ते आहेत, आणि दोघांची नावं वेगळी आहेत.

पहिला रस्ता: स्कॅनमधले रंग काढून फक्त काळी रेष कापसाच्या कागदावर रंगद्रव्य-शाईच्या प्रिंटरनं छापायची आणि हातानं रंगवायची. सोळाव्या शतकातला रंगारी नेमकं हेच करायचा, छापील पानावर रंग. त्यामुळे यात कमीपणा काही नाही. मात्र विकताना ‘हातानं रंगवलेला छाप’ असंच म्हणा. साध्या इंकजेटची शाई ओल्या ब्रशनं पसरते, म्हणून छापून देणाऱ्याला शाई कोणती ते आधी विचारा.

दुसरा रस्ता: रेषही हातानंच. स्कॅनची मूळ आकारातली छापील प्रत खाली, वर तुमचा कागद, आणि टोकदार २एच पेन्सिलीनं हलक्या हातानं गिरवणं. बाहेरची चौकट आणि अक्षांश-रेखांशाच्या खुणा सर्वांत आधी. मग किनारे, मग नद्या, मग डोंगर आणि शहरं. चौकट चुकली की पुढचं सगळं तिरकं जातं.

लाइट टेबल नसेल तर खाका. जरीकाम-भरतकामाचे कारागीर नक्षी उतरवतात तसाच: ट्रेसिंग पेपरवर आकृती, रेषेवर सुईनं जवळजवळ भोकं, आणि वरून कोळशाची पूड भरलेली कापडाची पुरचुंडी आपटायची. रेनेसाँच्या इटलीतले चित्रकारही हीच रीत वापरत. जहाज, जलपरी, शीर्षकाची चौकट यांसाठी उत्तम. बारीक अक्षरांसाठी निरुपयोगी.

पोर्टोलान करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. त्यावरचं दिशारेषांचं जाळं भूमितीचं काम आहे. एक मोठं वर्तुळ काढा, परिघावर २२.५ अंशांनी १६ बिंदू पाडा, प्रत्येक बिंदू इतर बिंदूंना जोडा, आणि केंद्रातून ३२ दिशांना रेषा काढा. वर्तुळ नंतर पुसायचं. मुख्य आठ वाऱ्यांच्या रेषा काळ्या किंवा तपकिरी, मधल्या आठ हिरव्या, उरलेल्या सोळा लाल, हा संकेत पाळायचाच. गावांची नावं किनाऱ्याला काटकोनात, जमिनीच्या बाजूला लिहितात, महत्त्वाची लाल शाईनं.

६. शाई आणि अक्षरं

शाईची परीक्षा आधी घ्या. त्याच कागदाच्या तुकड्यावर रेषा काढा, एक दिवस वाळू द्या, मग ओला ब्रश फिरवा. जराही राखाडी पसरली तर ती शाई बाद.

तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली रेष टोकाशी निमुळती होत जाते, कारण कोरणी पत्र्यात शिरताना आणि बाहेर येताना वर उचललेली असते. एकसारख्या जाडीच्या पेननं सगळा नकाशा काढला तर तो आराखड्यासारखा कोरडा दिसतो. म्हणून किनारे, डोंगर आणि आकृत्या टाकानं काढा, दाब देत-सोडत. ड्रॉइंग पेन चौकटीच्या सरळ रेषांना आणि ठिपक्यांना ठेवा.

ठिपके म्हणजे समुद्र. थियेट्रममधल्या बहुतेक नकाशांत समुद्र बारीक ठिपक्यांनी भरलेला आहे. जवळून पाहिलंत तर ते ओळीत चालतात, सैरावैरा पडलेले नसतात. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण टाळलंत तर नकाशाचा समुद्र रिकामा आणि जमीन जड दिसते. एका बैठकीत तळहाताएवढा भाग करा, उठा, डोळ्यांना आराम द्या.

अक्षरांवर मात्र मुक्काम करा. या नकाशांची अर्धी शोभा तिरप्या इटालिक लिपीत आहे. मर्केटर या नकाशाकारानं १५४० मध्ये लूव्हँ इथे याच लिपीवर एक छोटं पुस्तक छापलं होतं, आणि ‘नकाशावर हीच लिपी’ हा पायंडा पडायला त्याची मोठी मदत झाली. त्याचे स्कॅन मिळतात. आधी वहीत तीन-चार मिलिमीटर उंचीची अक्षरं गिरवा, मग दोनवर या. लहानपणी कित्ता गिरवला असेल त्यांना ही शिस्त नवीन नाही.

नेहमीचे घोटाळे असे. शब्दाच्या सुरुवातीला आणि मधे येणारा लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, पण त्याची आडवी रेघ पूर्ण आरपार जात नाही. लोक सर्रास ‘एफ’ काढतात. ‘यू’ आणि ‘व्ही’ एकमेकांच्या जागी येतात. स्वरावरची छोटी आडवी रेघ म्हणजे गाळलेला ‘एन’ किंवा ‘एम’, ती शाईचा डाग समजून सोडू नका. आणि स्पेलिंग सुधारू नका. आपला किनारा करताना हात आपोआप आजची नावं लिहायला जातो, तो आवरा.

अक्षरं डावीकडून उजवीकडे, वरून खाली लिहीत चला आणि तळहाताखाली कोरा कागद ठेवा. घामाचा डाग पडला की त्यावर रंग बसत नाही.

७. रंग भरा

एकच नियम लक्षात ठेवा: रंगाखालची रेष दिसली पाहिजे. तांब्याच्या पत्र्यावर कोरणाऱ्यानं छाया आधीच रेषांनी दिलेली असते, रंगाऱ्याचं काम तिला उजाळा देणं एवढंच. म्हणूनच पोस्टर कलर चालत नाही, आणि स्वस्त जलरंगही नाही. त्यांत भुकटी भरलेली असते, रेष गढूळ होते.

*सीमा.* प्रत्येक प्रांताच्या सीमेच्या आतल्या बाजूनं तीन-चार मिलिमीटरची रंगाची पट्टी ओढायची. बाहेरची कड रेषेला चिकटलेली, स्वच्छ. आतली कड लगेच ओलसर ब्रशनं विरवायची, म्हणजे रंग आत जाता जाता नाहीसा होतो. एक प्रांत पूर्ण वाळल्याशिवाय शेजारचा घेऊ नका. पिवळ्याशेजारी ओला हिरवा गेला की दोन्ही प्रांत गेले.

*डोंगर.* या नकाशांत डोंगर उंदरानं बिळाबाहेर काढलेल्या मातीच्या ढिगांसारखे ओळीनं मांडलेले असतात. उजेड सहसा डावीकडून येतो, छायेच्या बारीक रेषा उजवीकडे असतात. एक डोंगर असा करा: पातळ अंबरचा एक थेंब उजव्या उतारावर, माथ्यापासून थोडा खाली, टेकवा. ब्रश धुऊन, टिपून, नुसत्या ओलाव्यानं तो थेंब डावीकडे अर्ध्यापर्यंत ओढा आणि तिथे थांबा. डावा उतार कोरा राहिला पाहिजे, कागदाचा पांढरा म्हणजेच ऊन. वाळल्यावर पायथ्याशी हिरव्याची एक पुसट रेघ. सगळे डोंगर एकसारखे गडद करू नका, एका रांगेत दोन-तीन जरा जास्त, बाकीचे हलके. सह्याद्रीच्या जागी ऑर्टेलियसनं काढलेले ढीगही असेच करायचे, आपल्याला घाट माहीत आहेत म्हणून त्यांना सुळके काढायचे नाहीत.

*शहरं.* घरांच्या छोट्या आकृत्यांच्या छपरांवर लाल, एकेकच टिंब. ब्रश ० नंबरचा. लाल सगळीकडे एकाच बैठकीत भरा, मग छटा सारखी राहते.

*समुद्र.* सर्वाधिक बिघडणारी जागा. अख्खा समुद्र निळा भरू नका. ठिपके असलेल्या समुद्राला बहुधा फक्त किनाऱ्यालगत निळ्या किंवा हिरवट रंगाची पट्टी असते, बाहेरच्या बाजूला विरत गेलेली. तुमच्या निवडलेल्या प्रतीत अख्खा समुद्र रंगवलेला दिसला, तर तो रंग नंतरच्या काळात कुणी भरलेला नाही ना, हे संग्रहाच्या नोंदीत पाहा. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात बाजारात जास्त भाव यावा म्हणून कोरे नकाशे पुष्कळ रंगवले गेले.

*जहाजं आणि प्राणी.* जहाजाचा सांगाडा तपकिरी, शिडं जवळजवळ कोरी, फक्त फुगवट्याच्या आत पातळ करडी छाया, निशाणं लाल. समुद्री राक्षसांना हिरवट-करडा पातळ हात, पोटाखाली किंचित पिवळा. जलपरीच्या अंगाला रंग जवळपास नकोच, गालावर आणि शेपटीवर पुरे.

*शीर्षकाची चौकट.* चामड्याच्या पट्ट्या कापून वळवल्यासारखी ही नक्षी असते. पट्टीची वरची बाजू एका रंगात, वळून दिसणारी आतली बाजू दुसऱ्या. हा भेद पाळलात की सपाट आकृती एकदम उठून येते. संपूर्ण नकाशात मनसोक्त गडद रंग लावायची जागा हीच, म्हणून ती शेवटी ठेवा.

८. सोनं, लागलंच तर

साध्या प्रतींवर सोनं नसायचं. श्रीमंत गिऱ्हाइकासाठी केलेल्या प्रतीच सोन्यानं उजळत. तुमच्या प्रतीत नसेल तर लावू नका.

असेल, तर क्रम महत्त्वाचा. सोन्याचा वर्ख लावायचा असेल तो रंगाच्या आधी, कारण सुटा वर्ख रंगातल्या डिंकालाही चिकटतो आणि घोटताना शेजारचा रंग घासला जातो. डिंकात घोटलेली सोन्याची पूड, जी पूर्वी शिंपल्यात ठेवत, ती मात्र सर्वांत शेवटी ब्रशनं लावतात. ‘गोल्डन’ नावाच्या बहुतेक स्वस्त रंगांत पितळ किंवा अभ्रक असतं. अभ्रकाचा टिकतो, पितळेचा काळवंडतो.

९. नकाशा जुना दिसावा म्हणून काही करू नका

चहा-कॉफीचं पाणी, मेणबत्तीनं जाळलेल्या कडा, सुरकुत्या: यांपैकी काहीही नको. चहातल्या आम्लानं कागद खरोखरच लवकर मरतो, आणि चांगल्या ठेवलेल्या थियेट्रमच्या प्रतींचा कागद आजही फिकट मलईसारखा आहे. उबदार छटा हवी असेल तर मुळात तसा कागद घ्या.

१०. फ्रेम आणि पावसाळा

कोकण, गोवा, मुंबईत राहणाऱ्यांनी हे नीट वाचावं. काच कागदाला टेकता कामा नये. मधे आम्लमुक्त माउंट हवाच, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो आणि जिलेटिन लावलेल्या कागदावर बुरशी धरते. फ्रेमवाल्याला मागे हार्डबोर्ड थेट लावू देऊ नका, मधे आम्लमुक्त पुठ्ठा घाला. कागद माउंटला सेलोटेपनं चिकटवू देऊ नका, गव्हाच्या खळीनं लावलेल्या पातळ कागदाच्या बिजागऱ्या वरच्या बाजूला दोन पुरतात. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, ती ओल धरते. थेट ऊन येणाऱ्या जागी तर नकोच, आणि परवडत असेल तर अतिनील किरण अडवणारी काच घ्या.

११. सही, विक्री आणि परदेशी पाठवणं

घरासाठी केलात तरी मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहा: ‘प्रतिकृती’, मूळ नकाशाचं नाव आणि साल, कोणत्या संग्रहातल्या प्रतीवरून, तुमचं नाव, तुमच्या कामाचं साल. विकणार असाल तर पुढे चौकटीबाहेरही छोटी सही करा. फ्रेममध्ये गेलेली पाठ कुणी पाहत नाही, आणि दोन हात बदलले की प्रतिकृती अस्सल म्हणून फिरायला लागते.

अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या नातेवाइकांना भेट पाठवताना अडचण येते ती कस्टम्सला. पुरावस्तू व कलाखजिना कायदा १९७२ नुसार पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यामुळे जुनी दिसणारी वस्तू पाहिली की अधिकारी शंका घेतात. त्यासाठी ही कागदपत्रं जवळ ठेवा:

- तुमच्या नावाचं बिल किंवा भेट असल्याचं पत्र, त्यात ‘आधुनिक, हातानं रंगवलेली प्रतिकृती’ असा सालासह स्पष्ट उल्लेख.
- पुढून, मागून आणि सहीचे फोटो.
- काम चालू असतानाचे फोटो: पेन्सिलीचा टप्पा, शाईचा, अर्धवट रंगाचा. हे पहिल्या दिवसापासून काढत जा, नंतर मिळत नाहीत.
- कुरिअर कंपनीनं किंवा कस्टम्सनं मागितल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळणारा, वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला. त्यासाठी वस्तू आणि फोटो दाखवावे लागतात, म्हणून पाठवायच्या तारखेआधी पुरेसे दिवस हाती ठेवा.

काचेसकट पाठवू नका. नकाशा फ्रेममधून काढा, वर आम्लमुक्त पातळ कागद ठेवा आणि रंगवलेली बाजू *बाहेर* येईल असा, किमान दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर गुंडाळा. ही नळी दुसऱ्या, मोठ्या नळीत घाला आणि तोंडं ओलावा जाणार नाही अशी बंद करा. सोन्याचा वर्ख असेल तर गुंडाळायचंही नाही, दोन फळ्यांमध्ये सपाट पाठवायचं.